वाचाल तर वाचणार नाही

‘वाचाल तर वाचाल’ हा सुविचार फळ्यावर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर थोरांची चरित्रं असावीत, निबंधसंग्रह असावेत, अगदीच मोकळं सोडलं तर एखादं प्रवासवर्णन. मुखपृष्ठावर दोन चंद्र, एक पंखवाला सरडा आणि थंडीचा अजिबात विचार न करता घराबाहेर पडलेला एक तलवारबहाद्दर, असं मासिक त्यांच्या पाहण्यात आलं नसणार. आलं असतं तर त्यांनी सुविचाराखाली बारीक अक्षरात ‘अटी लागू’ असं लिहिलं असतं. ते राहून गेलं, म्हणून मला हा लेख लिहावा लागतोय.

तुम्ही समंजस माणूस आहात असं मी गृहीत धरतो. बिलं वेळेवर भरता, सूचनाफलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, स्वप्न पडलंच तर कूस बदलता. असा माणूस फँटसीच्या मासिकांच्या नादी लागला की त्याचं काय होतं, हे मी एका परिचित गृहस्थांच्या बाबतीत फार जवळून पाहिलंय. नाव सांगत नाही. माणूस भला आहे, पण हाताबाहेर गेलेला.

तर पहिली गोष्ट, असलं मासिक हातात घ्यायची वेळ आलीच तर पालथं घ्या. मागे जाहिरात असते. जाहिरात पाहून रात्रीची झोप उडाली असं कुणाच्या बाबतीत ऐकलेलं नाही. मुखपृष्ठाची गोष्ट वेगळी. ‘वीअर्ड टेल्स’ हे अमेरिकी मासिक मार्च 1923 मध्ये निघालं. 1930च्या दशकात त्याची मुखपृष्ठं मार्गारेट ब्रंडेज करायच्या, तीही पेस्टल खडूंनी. खडू म्हणजे काय, बोट लागलं की चित्र पुसलं. पुजारी, साखळदंड, सापळे, संकटात सापडलेल्या सुंदऱ्या, आणि हे सगळं इतकं नाजूक की जोरात शिंकायची सोय नाही. खाली सही नुसती ‘एम. ब्रंडेज’. ही चित्रं एक बाई काढते हे कित्येक वाचकांना बरंच नंतर कळलं. पुढे 1938 साली मासिक शिकागोहून न्यूयॉर्कला हललं आणि खडूची चित्रं तिथवर धडपणे पोचवायची कशी, असा प्रश्न उभा राहिला. जे चित्र टपालातला प्रवास सोसत नाही ते इतक्या वर्षांनी लोकांच्या डोक्यातून का जात नाही, हा दुसरा प्रश्न. तुम्ही पहिल्यावरच थांबा, त्याला उत्तर तरी आहे.

मुखपृष्ठाची खरी लबाडी आत गेल्यावर कळते. बाहेर ड्रॅगनने अख्खं पान व्यापलेलं असतं. कथेत तो सोळाव्या पानावर येतो, दीड परिच्छेद धुमसतो आणि जातो. कधी तर येतच नाही. समंजस माणसाने इथे ग्राहक म्हणून तक्रार नोंदवायला हवी. पण या मासिकांचे वाचक काय करतात? पुन्हा चित्राकडे वळतात. हा ड्रॅगन त्या कथेतला नाही, मग कुठल्या कथेतला? मागच्या बुरुजाच्या खिडकीत दिवा का लागलाय? चित्रकाराने तो उगाच लावला असेल का? अशा रीतीने छापलेली कथा बाजूला राहते आणि दुसरीच, कुणीही न लिहिलेली, सुरू होते. हिच्यासाठी त्यांनी पैसेही मोजलेले नसतात. याला फुकटेपणा म्हणायचं नाही तर काय?

आतल्या पानांवरही डोळे मिटूनच चाला. व्हर्जिल फिनले नावाचा एक चित्रकार 1935च्या अखेरीस त्याच ‘वीअर्ड टेल्स’मध्ये दाखल झाला. तो टिंबं काढायचा. ढग, धुकं, कातडीवरचा उजेड, जलपरीच्या केसांतले बुडबुडे, सगळं एकेका टिंबाने. आणि हे छापायचं कशावर, तर लाकडाच्या लगद्याच्या स्वस्तातल्या स्वस्त कागदावर. या कागदावरून त्या अख्ख्या जातीच्या मासिकांना ‘पल्प’ हे नाव पडलं. संपादक फार्न्सवर्थ राइट यांना धास्ती, की इतकं बारीक काम या कागदावर उमटणार तरी का? उमटलं. जरा व्यवहाराने विचार करा. जो कागद काही वर्षांत तपकिरी पडून कडेने झडणार हे सगळ्यांना माहीत, त्यावर छापण्यासाठी एक माणूस दिवसचे दिवस टिंबावर टिंब ठेवत बसतो. असल्या माणसाची चित्रं घरात ठेवली तर मुलांपुढे काय आदर्श राहील? एखादं काम नीट करायला ते टिकणारं असावं लागत नाही, असं काहीतरी भलतंच त्यांच्या मनात भरायचं.

पुस्तकाचं एक बरं असतं. आपण लेखक ठरवतो, विषय ठरवतो, चार जणांना विचारतो, मग घेतो. मासिक म्हणजे आरक्षण नसलेला डबा. तुम्ही ओळखीच्या नावाशेजारी बसायला म्हणून चढता आणि दोन पानांनंतर कुणीतरी अनोळखी पोरगा खेटून बसतो. 1928च्या ऑगस्टमध्ये असाच एक सतरा वर्षांचा पोरगा ‘वीअर्ड टेल्स’मध्ये येऊन बसला होता. प्राचीन इजिप्तच्या राणीने उगवलेल्या सुडाची कथा, मानधन 35 डॉलर. पुढे तो टेनेसी विल्यम्स या नावाने नाटककार झाला. तेव्हाच्या समंजस वाचकांनी ती कथा नक्की ओलांडली असणार, आणि त्यांचं काहीही बिघडलं नाही. तुम्हीही नवख्यांच्या कथा ओलांडत चला. प्रसिद्ध नावांचाही फार भरवसा धरू नका म्हणा. 1924 साली जादूगार हुदिनी यांच्या नावाने छापलेली कथा लव्हक्राफ्ट या भयकथालेखकाने लिहून दिली होती.

आता मुख्य रोगाकडे येऊ. त्याचं नाव ‘क्रमशः’.

मराठीत यापेक्षा निर्दय शब्द मला माहीत नाही. शिव्यांना निदान आवाज असतो. हा कंसात बसतो, पानाच्या तळाशी, चोरासारखा. त्यातला विसर्ग बघा: महिनाभर तुमच्याकडे टक लावून बसलेले दोन डोळे. माझ्या परिचयातल्या त्या गृहस्थांनी जुन्या अंकांच्या गठ्ठ्यातली एक अद्भुतकथा वाचायला घेतली. चार भागांची. तिसऱ्याच्या शेवटी नायिका दीपगृहाच्या तळघरातल्या दाराशी पोचते, किल्ली फिरवते, आणि दार उघडायच्या आत पलीकडून कुणीतरी तिला नावाने हाक मारतं. क्रमशः. चौथा भाग ज्या अंकात होता तो गठ्ठ्यात नव्हता. याला 22 वर्षं झाली. या काळात गृहस्थांनी नोकरी केली, संसार केला, दोनदा घर बदललं. पण दाराबाहेर ती बाई उभीच. त्यांनी आपल्या मनाशी तिच्यासाठी अकरा शेवट तयार केलेत. एकात हाक तिच्या आईची आहे. एकात तिची स्वतःचीच, म्हातारपणीची. सहाव्यात किल्लीच बोलते, पण तो शेवट त्यांना स्वतःलाही फारसा पटत नाही. कथा वेळेवर पूर्ण वाचली असती तर एकच शेवट मिळाला असता आणि तो ते आतापर्यंत विसरलेही असते. वेळेच्या अपव्ययाचं इतकं ढळढळीत उदाहरण दुसरं नाही.

लेखकाला तरी शेवट ठाऊक असतो, या समजुतीतही राहू नका. पॅरिसमध्ये 1974च्या अखेरीस काही मंडळींनी ‘मेताल उर्लां’ नावाचं चित्रकथांचं मासिक काढलं. त्यातले जाँ जिरो मोबियस या नावाने चित्रं काढायचे. त्यांनी एक चित्रमालिका दर अंकाला दोन-चार पानं अशी चालवली, पुढे काय घडणार हे न ठरवताच. मागच्या अंकात आपण नायकाला कुठल्या फाशात अडकवून ठेवलंय, ते बघायचं आणि तिथून हात चालवायचा. त्यांच्या दुसऱ्या एका मालिकेत तर संवादच नव्हते. एक माणूस दगडी पक्ष्यासारख्या कशावर तरी बसून उडत जातो, बस्स. शब्द काय तो शीर्षकात, आणि त्याचंही स्पेलिंग दर वेळी निराळं. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचू नये.

वाचकांच्या पत्रांचं पान दिसलं की ताबडतोब उलटा. तिथे फक्त भांडणं असतात, असं वाटेल. धोका भांडणाचा नाही, भांडणाऱ्यांना पुढे काय होतं त्याचा आहे. 1934 साली रॉबर्ट ब्लॉक नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने ‘वीअर्ड टेल्स’ला पत्र पाठवलं. कोनन या लाडक्या रानदांडग्या नायकाचा आपल्याला वीट आलाय, असा एकूण सूर. नायकाचे भक्त खवळले. संपादकांनी काय करावं? जानेवारी 1935च्या अंकात या मुलाची कथा छापली. (हाच ब्लॉक पुढे हिचकॉकच्या 1960 सालच्या गाजलेल्या भयपटाच्या मूळ कादंबरीचा लेखक.) म्हणजे बघा, कुरकुर करणाऱ्याला बाहेर काढायचं सोडून आत बोलावून खुर्ची द्यायची. ज्या जगात वाचक आणि लेखक यांच्यामध्ये धड एक भिंतही नाही, तिथे समंजस माणसाने आपलं स्थान कसं ओळखावं?

या आत शिरण्याची ओढ तर आता यंत्रांनाही लागलीय. फेब्रुवारी 2023 मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या मासिकाला नव्या कथा स्वीकारणं काही काळ थांबवावं लागलं, कारण लोक संगणकाकडून लिहून घेतलेल्या कथांचा मारा करत होते. पटकन मानधन मिळेल ही आशा. फँटसीच्या मासिकातून झटपट पैसा, ही कल्पना मला तरी आतल्या सगळ्या कथांपेक्षा जास्त अद्भुत वाटते.

कुणी वाचताना पकडलंच तर काय सांगायचं, हे मात्र आधी ठरवून ठेवा. ‘छपाईच्या इतिहासाचा अभ्यास करतोय’ हे चालतं. ‘पाहुण्यांच्या मुलाचं आहे’ हेही चालतं, पाहुणे आलेले असतील तर. सगळ्यात बरं म्हणजे ‘विज्ञान’ हा शब्द कुठेतरी घुसवा. 1949 साली अँथनी बाउचर आणि जे. फ्रान्सिस मॅकोमस यांनी फँटसीचं एक मासिक सुरू केलं तेव्हा नावात फक्त फँटसी होती. दुसऱ्याच अंकापासून शेजारी ‘सायन्स फिक्शन’ येऊन बसलं. त्यांची कारणं त्यांना ठाऊक. पण सोबत एखादा चष्मेवाला नातेवाईक असला की चार माणसांत बसता येतं, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

आणि जीव लावू नका, कारण ही मासिकं मरतात. म्युनिकमध्ये 1919 साली ‘डेर ऑर्किदीनगार्टन’ निघालं, जगातल्या पहिल्या फँटसी मासिकाचा मान ज्याला देतात ते. 51 अंक काढून 1921 मध्ये संपलं. संपादक जॉन कॅम्पबेल यांचं ‘अननोन’ 1939 ते 1943 चाललं. महायुद्धात कागदाची टंचाई आली आणि 39 अंकांवर त्याचं दप्तर बंद झालं. ‘वीअर्ड टेल्स’ 279 अंकांनंतर 1954 साली गेलं. त्यानंतर ते पुनःपुन्हा उठून बसलंय, पण भुताखेतांच्या मासिकाकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

शेवटी विल्हेवाट. एवढं सांगूनही तुमच्याकडे जुने अंक साठलेच असतील, तर काही करायची गरज नाही. लगद्याच्या कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य असतं, त्यात आम्ल तयार होतं आणि कागद स्वतःला आतून खात जातो. तुम्ही फक्त त्याच्या वाटेत येऊ नका. म्हणजे, अंक उन्हापासून दूर थंड, कोरड्या जागी ठेवू नका. पीव्हीसीच्या पिशव्या टाळून पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालू नका. पाकिटात मागे आम्लरहित पुठ्ठा सरकवू नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावण्याचा मोह आवरू नका, कारण पट्टीचा डिंक पिवळा पडून पान आणखी लवकर जातं. उघडताना कणा पूर्ण मोडेल असं दाबा, कडांचा भुगा मांडीवर पडला तर झटकून टाका. भुगा जपून ठेवणारे लोक असतात. हे सगळं त्या गृहस्थांच्या कपाटावरून मला कळलंय. किल्ली माझ्याकडेच असते, त्यांचा स्वतःवर भरवसा नाही.

आणि गठ्ठा रद्दीत देण्याआधी एकदा चाळून घ्या. त्यात दीपगृहाची कथा निघाली, भाग चौथा, तर ती वाचू नका. फक्त कळवा. मला नको आहे, त्या गृहस्थांना हवी आहे. सहावा शेवट बरोबर निघाला तर मात्र कळवू नका, मी फार वाईट लिहिलाय तो.