कपाट आणि ब्रह्मांड

आमचं लोखंडी कपाट सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. त्या काळी आहेराची किंमत वजनावरून ठरत असावी. नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते मावेना, म्हणून तिसऱ्या मजल्यावर जिन्याने न्यायचं ठरलं आणि मदतीला मेहुणा आला.

मेहुणा हल्ली सकारात्मक झालाय. कुठल्याशा हॉटेलातलं शिबिर करून आल्यापासून तो नोकरी शोधत नाही, तिला ‘आकर्षित’ करतो. फ्रिजवर त्याने पांढऱ्या मोटारीचा फोटो चिकटवलाय. मोटार अजून यायचीय. फ्रिजचा हप्ता मात्र न चुकता येतो.

“दाजी, आधी डोळे मिटा. कपाट वर पोचलंय असं बघा.”

मिटले. खरंच दिसलं हो! खिडकीशेजारी, आरशावर ऊन वगैरे. डोळे उघडले तर कपाट खालीच, आणि त्याचा एक पाय माझ्या चपलेवर.

पहिल्याच वळणावर ते अडकलं. वर मेहुणा, खाली मी. म्हणजे भार कोणावर हे सांगायला नको.

“जड आहे म्हणू नका. शब्दांत ताकद असते.”

“बरं, हलकं आहे. मग तू खाली ये.”

“नको, मी वरून ऊर्जा देतो.”

जिन्यात अडकलेल्या माणसाला चिंतनाला भरपूर वेळ मिळतो. ही विद्या तशी जुनीच. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचे एक औषधविक्रेते होते. ‘मी दिवसेंदिवस सर्व बाबतींत सुधारतो आहे’ अशा अर्थाचं वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस वेळा म्हणा, असं ते सांगत. मोजायला वीस गाठींची दोरी. दोरी आम्हालाही हवी होती, पण कपाट बांधायला.

गाब्रिएले ओएटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तर पदवीधरांचा दोन वर्षं मागोवा घेतला. मनासारख्या नोकरीची गोड स्वप्नं जे जास्त रंगवत, त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्या कमी मिळाल्या आणि पगारही कमी. मनात पगार जमा झाल्यावर अर्ज कोण खरडणार? यश मिळेल असा भरवसा असलेल्यांचं मात्र बरं चाललं होतं, तेव्हा आशेवर माझा राग नाही. हे सगळं मी धापा टाकत मेहुण्याला सांगितलं.

“हे निगेटिव्ह संशोधन आहे, दाजी.”

मग मी शाळेच्या फळ्यावरचा हुकमी एक्का काढला: प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.

“बघा! वाळूतून तेल! आमचे सर हेच म्हणतात.”

फळ्यावर पहिलीच ओळ लिहायचे, त्याचा हा परिणाम. वामन पंडितांचा तो श्लोक पुढे म्हणतो की मृगजळाने तहान भागेल, सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाची समजूत काही पटायची नाही. कपाटाचं वरचं टोक मेहुण्याच्या हातात असल्यामुळे मी पुढच्या ओळी गिळल्या.

अखेर बायकोने नाक्यावरून दोन हमाल बोलावले. त्यांनी आधी आतले कप्पे आणि खण बाहेर काढले (हे आम्हा दोघा पदवीधरांना सुचलं नव्हतं), कपाटाखालून पट्टा घातला आणि “हं, उचल” एवढ्या एकाच मंत्रावर ते तिसऱ्या मजल्यावर नेलं.

मेहुण्याचा शर्ट इस्त्रीसकट शाबूत होता. “बघितलंत दाजी? आपण मनापासून मागितलं, ब्रह्मांडाने माणसं पाठवली!”

“बाराशे झाले,” हमाल म्हणाला.

मेहुण्याने ब्रह्मांडाकडे, म्हणजे माझ्याकडे, बघितलं.