शून्य व्याज म्हणजे हलाल नव्हे!

सकाळपासून तीन ग्रुपांवर तीच जाहिरात फिरतेय: ‘हलाल सोनं, शून्य व्याज, १२ हप्ते.’ खाली लोक माशाअल्लाह लिहितायत. संताप होतोय. निदान सोन्याचा सौदा तरी नुसतं व्याज काढून टाकलं की हलाल होत नाही.

सोनं, चांदी, गहू, जव, खजूर, मीठ. या सहा वस्तूंचा नियम हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांमध्ये) स्पष्ट आहे. सोन्याला सोनं द्यायचं तर वजनाला वजन आणि हातोहात. सोन्याला चांदी द्यायची तर वजन कमीजास्त चालेल, उधारी चालणार नाही. आजच्या चलनालाही बहुसंख्य फकीहांनी (इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी) सोन्याचांदीचाच नियम लावलाय. म्हणजे पैसे आणि सोनं दोन्ही एकाच बैठकीत पुरे व्हायला हवेत. १२ हप्ते म्हणजे शेवटचा पैसा ११ महिन्यांनी. हाच उधारीचा रिबा, म्हणजे निषिद्ध व्याज. ‘आधी वर्षभर भरा, मग सोनं आजच्या भावाने’ ही त्याचीच उलटी बाजू.

मोडीचंही तेच. २० ग्रॅम जुनं दिलं, १८ ग्रॅम नवं घेतलं, २ ग्रॅम घडणावळीत गेले, आणि कुणाला काही वाटत नाही. अहो, हाही रिबाच! मोड आधी विका, पैसे हातात घ्या, मग नवा दागिना वेगळ्या सौद्यात घ्या. हलक्या खजुराच्या बदल्यात कमी पण चांगला खजूर घेणाऱ्याला पैगंबरांनी (स.) हेच सांगितलं होतं: आधी विक, मग त्या पैशांनी घे.

अ‍ॅपवरचं सोनं सरसकट हराम नाही. पण विकणाऱ्याकडे ते आज प्रत्यक्ष आहे का? तुमच्या नावावर क्रमांकाची बिस्किटं, किंवा ठरावीक साठ्यात ठरलेला वाटा आहे का? मागितल्यावर मिळेल का? नुसती वहीत ग्रॅमची नोंद असेल तर तुमच्या मालकीचं काहीच नाही. कंपनी बुडाली की तुम्ही घेणेकऱ्यांच्या रांगेत. वायदेबाजारातल्या सोन्याबद्दल तर बोलायलाच नको.

हो, मध्ययुगीन विद्वान इब्न तैमिया यांनी दागिन्यांना घडणावळीमुळे या नियमातून सूट दिलीय, माहीत आहे. बहुसंख्य फकीह ती मानत नाहीत, आयोफी या इस्लामी वित्तव्यवहारांचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेचा २०१६चा ५७ क्रमांकाचा मानदंडही मानत नाही. आणि बिस्किटांना ती लागूच नाही.

एकदम रक्कम जमत नाही म्हणून हप्त्याकडे वळणाऱ्यांवर माझा राग नाही. लेकीच्या लग्नाची काळजी सगळ्यांनाच असते. पण हलाल वाट आहे ना! दरमहा पैसे बाजूला टाका, एका ग्रॅमपुरते झाले की तेवढं घ्या आणि ताब्यात घ्या. घाई असेल तर घरच्या कुणाकडून कर्ज-ए-हसना (बिनव्याजी कर्ज) घ्या आणि विकणाऱ्याला पूर्ण रक्कम द्या.

हप्तेच हवेत तर जमीन घ्या. जमीन त्या सहांत नाही. किंमत सुरुवातीलाच ठरवा, मग ती हप्त्याने रोखीपेक्षा जास्त असली तरी चालते. नंतर मात्र एक पैसाही वाढता कामा नये. उशिराचा दंड विकणाऱ्याच्या खिशात जात असेल तर सही करू नका.

जकात (दरवर्षीचं सक्तीचं दान) विसरू नका. ८५ ग्रॅम सोनं (हनफी परंपरेत ८७.४८) चांद्रवर्षभर राहिलं की अडीच टक्के. विकायला घेतलेल्या जमिनीवर दरवर्षी बाजारभावाने, राहत्या घरावर काही नाही, भाड्याने दिलेल्या घराच्या बाबतीत फक्त साठलेल्या भाड्यावर.

ती जाहिरात पुन्हा दिसली तर खाली एवढंच विचारा: सोनं आजच हातात देता का, आणि पैसे आजच पूर्ण घेता का?