कट-ऑफ लागतो की लावतात?

रविवारी एमपीएससीच्या कंबाइनची, म्हणजे गट ब आणि क च्या संयुक्त परीक्षेची, पूर्व झाली, दोन-चार दिवसांत पहिली उत्तरतालिका आली आणि त्या संध्याकाळी अभ्यासिकेखालच्या कट्ट्यावर एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं. हातात होत्या त्या ओएमआरच्या, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेच्या, कार्बन कॉप्या. पम्याची कॉपी तर इतक्यांदा उलगडून झाली होती की घडीवर ती मऊ पडून फाटायला आली होती. बरोबरला टिंब, चुकीला फुली, आणि ज्यावर हरकत घ्यायची त्याला गोल. असे गोल त्याने अकरा केले होते. बासष्ट बरोबर, तीस चूक, आठ सोडलेले. पाव गुणाने तिसांचे साडेसात गेले, उरले साडेचोपन्न.

"साडेचोपन्न म्हणजे सेफ का रे?" हा प्रश्न त्याने दुपारपासून सगळ्यांना विचारून झाला होता. आता मास्तरांची पाळी आली.

मास्तर म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने. दोन मुख्य दिल्या, एक मुलाखत दिली आणि मग गणित-बुद्धिमत्ता शिकवायला लागले. कट्ट्यावर मात्र रोज येतात.

"सेफ म्हणजे काय ते आधी सांग," मास्तर म्हणाले.

"म्हणजे मागच्या वेळेपेक्षा वर. पण या वेळी पेपर सोपा होता. आयोग कट-ऑफ वर ओढणार."

"ओढणार? कुणी दोरी धरून बसलंय का तिथे?"

"मग ठरवतं कोण?"

"कुणीच नाही. आपण रोज काय बोलतो? कट-ऑफ किती लागला. निकाल लागतो, नंबर लागतो, तसा कट-ऑफ लागतो. लावत नाहीत. पूर्वमधून मुख्यला अमुक इतकी मुलं घ्यायची, हे जागांवरून ठरतं. वरून खाली यादी लावायची, तेवढी डोकी मोजून झाली की थांबायचं. शेवटच्या डोक्याचे जे गुण असतील तो कट-ऑफ. पेपर हातात पडला तेव्हा तो आकडा या जगात नव्हताच."

इथे दाद्याने तोंड घातलं. दाद्या पोलीस भरतीवाला. तो आमच्याकडे फक्त चालू घडामोडी ऐकायला येतो असं म्हणतो, पण वादाचा वास आला की आधी हजर. "असं कसं मास्तर? आमच्यात तर आधीच लिहिलेलं असतं. मैदान, म्हणजे शारीरिक चाचणी, पन्नास गुणांचं, त्यात निम्मे पाहिजेतच. लेखीत चाळीस टक्के पाहिजेतच. मग हे कोण लावतं?"

"ते लावलेलं असतं, बरोबर. पण तो कट-ऑफ नाही. तू मैदानात पंचवीस काढलेस म्हणून तुला लेखीला बोलावलं होतं का?"

दाद्या जरा गप्प झाला. बोलावलं नव्हतं. पंचविसाच्या वर तो आरामात होता, पण एका जागेला दहा या हिशेबाने त्याच्या घटकाची, म्हणजे त्याने अर्ज केलेल्या जिल्ह्याच्या पोलीस दलाची, यादी बरीच वर थांबली होती. शेजारच्या जिल्ह्यात त्याच गुणांवर त्याचा मित्र लेखीला बसला. ते दुखणं दाद्याने वर्षभर उराशी बाळगलंय, आणि मास्तरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

माझ्या मते आपल्याकडचा निम्मा गोंधळ याच दोन गोष्टी एकात मिसळल्यामुळे होतो. पात्रतेचा गुण हा उंबरठा असतो. तो जाहिरातीत किंवा नियमात छापलेला असतो आणि शेजारी कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कट-ऑफ पूर्णपणे शेजाऱ्यांवर चालतो. यूपीएससीच्या पूर्वचा दुसरा पेपर, आकलन-बुद्धिमत्तेचा सीसॅट, हा उंबरठा: दोनशेपैकी तेहतीस टक्के, म्हणजे सहासष्ट. २०१५ पासून तो नुसता ओलांडायचा आहे, त्याचे गुण धरत नाहीत. आपल्या राज्यसेवेच्या पूर्वमध्येही पुढे तसंच झालं. सामान्य अध्ययनाचा पेपर मात्र कट-ऑफवर चालतो. बँकवाल्यांची तर तिसरीच तऱ्हा. तिथे बहुतेक परीक्षांत प्रत्येक विभागाचा वेगळा कट-ऑफ, वर एकूणाचा वेगळा. गणितात आभाळाला हात लावलेत आणि इंग्रजीत पाव गुणाने खाली राहिलात, तर घरी.

पम्याला हे पटलं, पण त्याचा आवडता मुद्दा अजून बाकी होता. "ते राहू द्या. यूपीएससीचंच बघा. २०१५ ला पूर्वचा ओपनचा कट-ऑफ एकशे सात होता. २०२३ ला किती? पंचाहत्तर पॉइंट एक्केचाळीस! आठ वर्षांत बत्तीस गुण खाली. पोरंच ढ झालीत."

"२०२४ ला परत सत्त्याऐंशीच्या वर गेला," मी म्हटलं. "एका वर्षात हुशार झाली का?"

"२०२३ ला झालं काय होतं?" मास्तरांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. शिकवणाऱ्यांना ती सवयच असते. "त्या वर्षी दोन्ही पेपर जड. त्यातही सीसॅटने वाट लावली. पहिल्या पेपरला नव्वद-पंचाण्णव गुण घेतलेला पोरगा सीसॅटला चौसष्टवर अडकला, तर तो यादीतच नाही. असे वरचे जितके गळतात तितकी यादी खाली सरकते, कारण डोकी तर तेवढीच भरायचीत. जागा अकराशेच्या घरात होत्या, मुख्यला घेतले साडेचौदा हजारांच्या वर. म्हणजे जागांच्या तेरापट. तेरापट भरेपर्यंत खाली यायचं आणि थांबायचं. थांबले ते पंचाहत्तरवर."

मग त्यांनी पम्याचीच कॉपी पालथी घातली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन चालवलं. पम्या "अहो मास्तर, अहो ती कॉपी—" करेपर्यंत दोन ओळी झाल्या होत्या.

"हे बघ. तो पेपर शंभर प्रश्नांचा. बरोबरला दोन, चुकीला एक तृतीयांश कापतात. एकाने सगळे शंभर सोडवले. बावन्न बरोबर, अठ्ठेचाळीस चूक. एकशे चारातून बत्तीस गेले, बहात्तर. दुसऱ्याने सत्तरच सोडवले. शेहेचाळीस बरोबर, चोवीस चूक. ब्याण्णवातून सोळा गेले, शहात्तर. आता बोल, जास्त कुणाला येत होतं?"

"पहिल्याला. सहा प्रश्न जास्त."

"आणि मुख्यला कोण गेला?"

पम्याने कागद हातात घेऊन बेरीज दोनदा तपासली. तोही त्यातलाच. परीक्षेला जाताना "शंभरच्या शंभर करायचे" असं ठरवून जाणारा. आपल्या तीस फुल्यांकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"जागांचंही तसंच," मास्तर सुटलेच होते. "स्टाफ सिलेक्शनची सीजीएल घे, केंद्रातल्या नोकऱ्यांसाठीची पदवीधरांची परीक्षा. २०२२ ला जागा सदतीस हजारांच्या आसपास. टियर-१ ला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, ओपनचा कट-ऑफ दोनशेपैकी एकशे चौदाच्या घरात. २०२३ ला जागा आठ हजारांच्या आसपास. कट-ऑफ दीडशेवर! परीक्षा तीच, अभ्यासक्रम तोच. म्हणून म्हणतो, मागच्या वर्षीचा आकडा भिंतीवर चिकटवून अभ्यास करू नका. तो आकडा मागच्या वर्षीच्या जागांचा, मागच्या वर्षीच्या पेपरचा आणि मागच्या वर्षी बसलेल्या पोरांचा. लागतो तो. लावत नाही कुणी."

मास्तर एवढं बोलून मागे रेलले. सामना संपला असं त्यांना वाटलं असावं.

शितल तोवर पायरीवर बसून आपली कॉपी शांतपणे जुळवत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "मास्तर, हे अर्धंच सांगितलंत."

"कुठलं अर्धं?"

"जागा किती काढायच्या हे कुणीतरी ठरवतं ना? जाहिरात आल्यावर जागावाढ होते, तेव्हा कट-ऑफ आपोआप खाली येतो की कुणाच्या सहीने? जागांच्या तेरापट घ्यायचे की दहापट, हे आभाळातून पडतं का? आणि मला कुठल्या यादीत मोजायचं, ते?"

शेवटचा प्रश्न तिने जरा जोरात विचारला. आम्हाला त्यामागचं माहीत होतं. शितल ओबीसी महिला. मागे एका भरतीत तिच्या प्रवर्गातल्या महिलांचा कट-ऑफ खुल्या महिलांपेक्षा वर लागला होता. ती दोन्हींच्या मधे सापडली. खुल्या महिलांच्या शेवटच्या मुलीपेक्षा हिचे गुण जास्त, तरी ही बाहेर.

"ते समांतर आरक्षणाचं आहे," दाद्या म्हणाला, म्हणजे त्याला एवढाच शब्द माहीत होता.

"हो, पण ते चालतं कसं ते ऐक," शितल म्हणाली. "सामाजिक, म्हणजे जातीच्या प्रवर्गांचं, आरक्षण उभं. महिला, खेळाडू, अनाथ, माजी सैनिक हे आडवं, प्रत्येक उभ्या खान्याच्या आत. आपल्याकडे महिलांना तीस टक्के. खुल्या खान्यातही तीस टक्के महिलांचे. आता खुला म्हणजे कुणाचा?"

"ओपनवाल्यांचा," पम्या पटकन म्हणाला.

"इथेच चुकतोस! खुला म्हणजे सगळ्यांना खुला. तो कुणाचा कोटा नाही. माझे गुण तिथे बसत असतील तर मी तिथे बसणार, जातीचा दाखला मधे यायचं कारण नाही. पण कित्येक ठिकाणी खुल्या महिलांच्या जागांवर राखीव प्रवर्गातल्या मुलींना मोजतच नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. उत्तर प्रदेशच्या पोलीस शिपाई भरतीचं होतं ते, सौरव यादव खटला, डिसेंबर २०२०. कोर्टाने सांगितलं, खुल्या महिलांच्या जागाही गुणवत्तेने सगळ्या महिलांना खुल्या. आता मला सांगा मास्तर, त्या निकालाच्या आधीचा कट-ऑफ आणि नंतरचा कट-ऑफ. पेपर तोच धरा, पोरी त्याच धरा, गुण तेच धरा. आकडा बदलणार की नाही?"

"बदलणार," मास्तर म्हणाले.

"मग लागतो की लावतात?"

मास्तरांनी एक तांत्रिक पळवाट काढून बघितली. सवलत घेतली असेल तर गोष्ट वेगळी. वयाची किंवा प्रयत्नांची सवलत घेऊन आलेल्याला यूपीएससी खुल्या जागेवर धरत नाही, हे त्यांचं बरोबरच होतं. पण शितलने कसलीच सवलत घेतलेली नव्हती. तिचं वय बसत होतं. त्यामुळे ती पळवाट तिथेच बंद झाली.

मग दाद्यालाही जोर चढला. "आणि तलाठी भरती विसरलात का? दोनशेपैकी दोनशे चौदा!"

त्यावर सगळे एकदम बोलायला लागले, कारण तलाठी न दिलेला आमच्यात कुणी नाही. २०२३ ची ती भरती. अर्ज दहा लाखांच्या वर आणि संगणकावरची परीक्षा सत्तावन्न सत्रांत. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून काठिण्य सारखं करायला सामान्यीकरण. यादी आली तेव्हा सर्वांत वरच्या उमेदवाराला दोनशेपैकी दोनशे चौदा. राज्यभर हसू झालं.

मास्तरांनी बाजू लावून धरली, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं मला पटतं. ते गुण पेपरात पडलेले नव्हतेच, रूपांतर केलेले होते. तुमच्या सत्रात सगळ्यांनाच कमी पडले आणि तुम्ही मात्र त्यातही खूप वर आहात, तर सूत्र तुम्हाला उचलून ठेवतं. उचलताना दोनशेची पट्टी ओलांडली जाऊ शकते. गणितात त्यात काही चूक नाही. पण रात्रभर जागून एकशे साठ काढलेल्याला सत्राच्या नावाखाली आपलं काय कापलं, काय वाढवलं हे समजत नसेल, तर सूत्र कितीही बरोबर असो, त्याच्या दृष्टीने तो अंधारातला हिशेब. २०२४ च्या नोव्हेंबरात प्रयागराजला मुलं उत्तर प्रदेशच्या लोकसेवा आयोगाच्या दारात बसली ती याच रागाने. आणि तिथल्या आयोगाला पूर्व परीक्षा एकाच दिवशी घ्यावी लागली. तोही निर्णयच. कुणीतरी घेतलेला.

"म्हणजे मी चुकलो?" मास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

"चुकला नाहीत," शितल म्हणाली. "शेवटचा आकडा लागतोच. पण त्याच्या आधीचं सगळं लावलेलं असतं. तुम्ही शिकवताना फक्त शेवटचं शिकवता. मग पोरं आपल्यालाच दोष देत बसतात. अर्ध्या गुणाने गेलं की वाटतं, एक प्रश्न अजून वाचला असता तर. कधी कधी वाचून उपयोग नसतो, यादीच तुम्हाला मोजत नसते. तिथे मग अर्ज करायचा, माहिती मागवायची, गरज पडली तर कोर्टात जायचं. अजून एक टेस्ट सिरीज लावून काय होणार?"

मला शितलचं पटलं. मास्तरांनाही पटलं असावं, कारण ते पेनाचं टोपण लावत-काढत बसले होते. दाद्याने आपल्या घटकाच्या निवड यादीची पीडीएफ मोबाइलवर उघडली आणि तिला दाखवायला पायरीवर जाऊन बसला. आजवर ती यादी त्याने फक्त आपलं नाव शोधायला उघडली होती. आता तो माजी सैनिकांच्या न भरलेल्या जागा पुढे कुणाकडे गेल्या ते शोधत होता.

पम्याचं मात्र समाधान झालेलं नव्हतं. "हे सगळं झालं हो. पण साडेचोपन्नचं काय?"

"सांगता येत नाही," मास्तर म्हणाले. "अंतिम उत्तरतालिका येऊ दे. दोन-तीन प्रश्न रद्द झाले तर सगळ्यांचेच हिशेब हलतील. आत्ता जो आकडा सांगेल तो फेकतोय असं समज. ते टेलिग्रामवरचे एक्स्पेक्टेड कट-ऑफवाले सगळे फेकतात. त्यात ज्यांचे गुण चांगले आलेत तेच पुढे येऊन सांगतात. कमी आलेला कशाला मत द्यायला जाईल?"

पम्याने मान हलवली, मोबाइल काढला आणि त्याच ग्रुपवरचा पोल उघडला. कितीवर लागेल, चार पर्याय, हजारेक मतं. मत कुणी दिलं ते नावासकट दिसणारा पोल होता. तो खाली खाली सरकवत गेला आणि मग एकदम थांबला.

"मास्तर," तो म्हणाला, "दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही छप्पन्न ते अठ्ठावन्न दाबलंय."

शितलने पहिल्यांदाच कॉपीवरून मान वर काढली. मास्तर उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "चला, वर दिवे लागलेत. मुख्यचं वाचायला बसा."

"मास्तर, पण छप्पन्नच का?" पम्या त्यांच्या मागून जिना चढायला लागला.