शेतातली वाट अडवण्याबद्दलच्या मेसेजचा खुलासा

'सातबारा आपल्या नावावर, तर शेतातली वाट आपण कधीही बंद करू शकतो, तहसीलदारही काही करू शकत नाही' असा मेसेज सध्या औसा, निलंगा भागातल्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 नुसार वहिवाटीचा रस्ता अडवला, तर तहसीलदार अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. अर्ज मात्र अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत करावा लागतो. पुष्कळांचं घोडं इथंच अडतं. वाटच नसेल, तर महसूल संहिता, 1966 चं कलम 143: शेतकऱ्याला बांधावरून रस्ता मागता येतो.

उलट बाजूही सांगतो. हा हक्क शेतात जाण्या-येण्यापुरता आहे. कुणाच्याही उभ्या सोयाबीनमधून कुणीही फिरावं, असा अर्थ काढू नका.

काळ्या रानात पाऊस झाला की बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुततं. तेव्हा वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या, तर शेजाऱ्याचं बी-खत घरातच राहतं, पेरणी हुकते. वाटेचा वाद असेल तर आधी गावनकाशा बघा, तलाठ्याला विचारा. तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.