क्रमांक 131, पण कशाचा?

2011 च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 886 स्त्रिया होत्या (तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता). रत्नागिरीत 1122. यावरून कोणी म्हणालं की रत्नागिरीत बायकांना मान आणि ठाण्यात हाल, तर कोकणातलं शेंबडं पोरही हसेल. रत्नागिरीचे पुरुष पोटापाण्यासाठी इकडे येतात, भिवंडीच्या यंत्रमागांवर उत्तरेतून माणसं येतात, ठाणे-बेलापूर पट्ट्यात तर सगळीकडूनच. तो आकडा स्थलांतराचा आहे. मुलींचं काय चाललंय हे बघायचं तर 0 ते 6 वयोगट घ्यावा लागतो. महाराष्ट्राचं एकूण गुणोत्तर 929, पण त्या वयोगटात ते 894 वर येतं. खरी काळजी तिथे आहे.

देशांच्या क्रमवारीतही असेच घोळ असतात. फक्त तिथे आपण हसत नाही, फॉरवर्ड करतो.

वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या 2025 च्या स्त्री-पुरुष अंतराच्या अहवालात भारत 148 देशांत 131 वा. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या लैंगिक विषमता निर्देशांकात 2023 च्या आकडेवारीवर 172 देशांत 102 वा. देश तोच, बायका त्याच. मोजपट्टी वेगळी.

फोरमची पद्धत अशी: अर्थकारण, शिक्षण, आरोग्य, राजकारण हे चार भाग, त्यात मिळून 14 निर्देशक. बहुतेक ठिकाणी स्त्रियांचा आकडा भागिले पुरुषांचा. 1 आला की समानता. बायका पुढे गेल्या तरी गुण समानतेच्या रेषेवरच कापले जातात. पातळी बघायचीच नाही, फक्त अंतर. म्हणजे एखाद्या देशात पुरुषही 40 टक्के साक्षर आणि बायकाही 40 टक्के, तर साक्षरतेत पूर्ण गुण!

मग चारही भागांची साधी सरासरी. इथे खरी मेख आहे. आरोग्यात जवळपास सगळे देश 0.94 ते 0.98 च्या दाटीत उभे असतात, राजकारणात मात्र शून्याच्या आसपासपासून 0.95 पर्यंत पसरलेले. कागदावर वजन सारखं, पण क्रमवारी हलवतं राजकारणच. त्यातही गेल्या 50 वर्षांत किती वर्षं देशाच्या सर्वोच्च पदी स्त्री होती, याला त्या भागात 0.443 वजन, आणि संसदेतल्या जागांना 0.310. बांगलादेशात 1991 ते 2024 मध्ये, मधली काळजीवाहू सरकारं सोडली तर, खालिदा झिया किंवा शेख हसीनाच होत्या. त्या देशाचे गुण इथून येतात, तिथल्या शिलाई कामगार बाईच्या पगारातून नाही.

आपल्या बाबतीत याच 50 वर्षांच्या खिडकीची उलटी गंमत. इंदिरा गांधींची 1966 ते 1977 ही वर्षं दरवर्षी एकेक करून खिडकीबाहेर पडत गेली. कोणी काही वाईट केलं नाही तरी त्या वर्षांचे गुण जातात. आणि महाराष्ट्रात महापालिकांत 50 टक्के जागा स्त्रियांना राखीव आहेत, ठाण्यातही आणि नवी मुंबईतही, त्याचे गुण शून्य, कारण निवडून आलेल्या जागांत मोजतात ती फक्त संसद. लोकसभेत 2024 ला निवडून आल्या 543 पैकी 74.

विकास कार्यक्रमाच्या निर्देशांकाचं दुखणं वेगळं. त्यात मातामृत्यू आणि किशोरवयीन मातृत्व येतं. त्याला पुरुषांची बाजूच नाही, तिथे सरळ 1 धरतात. त्यामुळे रस्ता नाही, रक्तपेढी नाही अशी गरिबीसुद्धा विषमता म्हणून नोंदली जाते. माझ्या मते दोन्हींत हा जास्त मोठा दोष.

आता रोजगार. इथे आकडा दारातच चुकतो. ठाण्याजवळच्या दिव्यातलं एक घर धरा. नवरा डबे पोचवतो, बायको पहाटे शंभरेक पोळ्या लाटते. सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या प्रगणकाने विचारलं, 'वहिनी, तुम्ही काम करता?' उत्तर ठरलेलं: 'नाही, घरीच असते.' झाला कोड 92, घरकाम, श्रमशक्तीच्या बाहेर. तोच प्रश्न 'डब्याच्या पोळ्या कोण करतं?' असा विचारला की कोड 21, घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस, म्हणजे रोजगारात! हातात एक रुपया न येता. स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये 41.7 झाला. या वाढीचा मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगाराचा आहे, आणि हा कोड 21 त्यातच मोडतो. टाळ्या वाजवण्याआधी पगारदारांचा रकाना वेगळा काढून बघा.

शेवटचा हिशेब स्वतः करून बघण्यासारखा. 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामाला बायका दिवसाला 299 मिनिटं देतात, पुरुष 97. तिप्पट, अशी बातमी होते. पण ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम 'करणाऱ्यांची'. करणाऱ्या बायका 81.2 टक्के, पुरुष 26.1 टक्के. गुणाकार करा: बायका 243 मिनिटं, पुरुष 25. जवळपास दहापट. दोन्ही आकडे एकाच तक्त्यातले, दोन्ही बरोबर. बातमीत 'करणाऱ्यांची सरासरी' की 'सगळ्यांची' हे लिहिलेलं नसेल, तर ती ग्रुपवर टाकू नका.