पितृपक्षात कुणी राहायला जातं का!

घर बांधायला काढलेल्या माणसाला ‘मग, कधी जाताय राहायला?’ असं विचारू नये, एवढं साधं भान आपल्या लोकांना नसतं. माझ्या बाबतीत तर घर माझं नव्हतंच. ते टॉटनहॅम हॉटस्पर या उत्तर लंडनमधल्या फुटबॉल क्लबचं होतं. बांधणारे दुसरे, पैसा तिसऱ्यांचा, मी आपला गळ्यात मफलर घालून ओरडणारा एक सामान्य माणूस. पण विचारायचे मलाच. मंडळात विचारायचे, ईलिंग रोडवर मेथीची जुडी निवडताना विचारायचे. एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेत अध्याय चालू असताना मागून कुणीतरी पाठीत बोट खुपसून विचारलं, “काय, मिळाली का तारीख?”

मी मूळचा कोल्हापूरचा, तेव्हा फुटबॉलचं वेड काही विलायतेत येऊन लागलेलं नाही. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की शाहू स्टेडियमच्या तापलेल्या पायऱ्यांवर बसून घसा बसवून घेणं हे आमच्या लहानपणीचं नित्यकर्म. पेठेची टीम ती आपली टीम, हा तिथला कायदा. लंडनला आल्यावर पहिली खोली टॉटनहॅममध्ये मिळाली, तिथंच विषय संपला. पुढे नोकरी, लग्न आणि कर्ज या क्रमानं वेंबलीला येऊन पडलो, पण टीम बदलली नाही. माझे साडू आर्सेनलचे, म्हणजे आमच्या क्लबच्या कट्टर वैऱ्यांचे. ते मूळचे पुण्याचे आहेत, एवढं सांगितलं की बाकीचं तुमच्या लक्षात येईल.

तर आमचं जुनं घर म्हणजे व्हाइट हार्ट लेन. १८९९ पासूनचं. छत्तीस हजार माणूस मावायचं, पण प्रत्येकाचे गुडघे पुढच्याच्या पाठीत. २००८ साली क्लबनं नव्या स्टेडियमची घोषणा केली, तीही त्याच जागेवर. जागेच्या एका कोपऱ्यात पत्र्याचं काम करणारा कारखाना होता. तो हलायला तयार होईना, प्रकरण कोर्टात गेलं, ते २०१५ साली निकालात निघालं. हे मी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हंजे तिथंबी कूळ निघत न्हाई!” मधल्या काळात क्लबनं लंडन ऑलिंपिकचं स्टेडियम पदरात पडतंय का तेही बघितलं, पण ते वेस्ट हॅम या दुसऱ्या क्लबनं मारलं. शेवटी १४ मे २०१७ ला जुन्या घरातली शेवटची मॅच झाली. मँचेस्टर युनायटेडला २-१ नं हरवलं. पाऊस झाला, निरोपाचा समारंभ चालू असताना वर इंद्रधनुष्य उमटलं आणि मोठमोठे बाप्ये ढसाढसा रडले. त्या हंगामात आम्ही प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, घरच्या मैदानावर एकदाही हरलो नव्हतो. अशी लाभलेली वास्तू पाडायला आईचा तेव्हाच विरोध होता.

मधल्या काळासाठी क्लबनं भाड्यानं घेतलं ते वेंबली स्टेडियम. नव्वद हजारांचं. आणि माझ्या दारापासून चालत दहा मिनिटांवर.

माझी खरी अडचण इथून सुरू झाली. टॉटनहॅमच्या माणसांना वेंबली म्हणजे वनवास. एवढं मोठं मैदान, आवाज विरून जातो, आपलं असं काही वाटत नाही, अशी सगळ्यांची रड. सुरुवातच चेल्सीविरुद्धच्या पराभवानं झाली, मग बर्नलीशी बरोबरी, स्वान्सीशी गोलशून्य. वर्तमानपत्रांनी लगेच ‘वेंबलीचा शाप’ म्हणून छापायला घेतलं. आणि मी? दुपारी वरणभात जेवून, मोजे घालून, कानात ‘येताना दही आणा’ हे वाक्य घेऊन निघायचो आणि राष्ट्रगीताच्या वेळेवर पोचावं तसा किक-ऑफला पोचायचो. इतक्या वर्षांत एवढं सुख मला कुठल्याही क्लबनं दिलेलं नाही. पण तोंडावर दाखवायची सोय नव्हती. सगळं गाव सुतकात असताना एकट्यानं श्रीखंड खायचं म्हणजे तोंड पुसून बाहेर पडावं लागतं.

त्याची किंमतही मोजावी लागली. मॅचच्या दिवशी वेंबलीत परवान्याशिवाय रस्त्यावर गाडी लावता येत नाही. त्यामुळे आमच्या घरापुढची वीतभर फरसबंद जागा ही एकाएकी लंडनमधली सर्वांत मोलाची जमीन ठरली. ज्यांच्याशी दिवाळीच्या फराळापलीकडे संबंध नव्हता ती माणसं सकाळी अकराला हजर. “तुमच्याकडे गाडी लावू का? फक्त लावतो आणि जातो.” असं म्हणून जाणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही. मग पोहे. पोह्यांबरोबर वेंबलीच्या नावानं खडे. “काय हे मैदान! इथं मन रमत नाही हो. आपलं ते आपलं.” एवढं बोलून मंडळी दुसऱ्यांदा पोहे घ्यायची आणि मी मान हलवून ‘खरं आहे, खरं आहे’ म्हणायचो. बायको स्वयंपाकघरातून ओट्याशी कढई आपटून आपलं मत नोंदवायची.

आता मुख्य गोष्ट, तारखा.

नव्या घरातली पहिली मॅच लिव्हरपूलशी, १५ सप्टेंबर २०१८ ला, असं ठरलं. मी आईला कळवलं. तिनं खुंटीवरचं कालनिर्णय काढून बघितलं. “गौरी येतात की रं त्या दिवशी! लई चांगला दिवस धरलाय. कुणीतरी जाणतं माणूस दिसतंय तिथं.” क्लबच्या कारभाराबद्दल इतकं चांगलं मी त्याआधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मग श्रावणातला पहिला सोमवार, १३ ऑगस्ट. क्लबचं निवेदन आलं. महत्त्वाच्या सुरक्षायंत्रणांमध्ये अडचणी आहेत, लिव्हरपूलची मॅच वेंबलीलाच होईल, ६ ऑक्टोबरची कार्डिफची सुद्धा. अमेरिकन फुटबॉलची एक मॅच नव्या जागी ठरली होती, तीही वेंबलीला आली. सगळीकडे हाहाकार. मी चेहरा पाडून घरात आलो आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो, कारण चेहरा पडत नव्हता. संध्याकाळी आईचा फोन. तिला वाईट वाटलं होतं, पण ६ ऑक्टोबर ऐकल्यावर तिचा सूरच बदलला. “ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हंजे पितृपक्ष. पितृपक्षात कुणी नव्या घरात राहायला जातं का! बरं झालं त्या वायरी बिघडल्या.” क्लबचं निवेदन मी आजही समजून घेऊ शकतो, पण पटलं ते आईचं.

गौरी घरी आल्या आणि लिव्हरपूल वेंबलीला. गौरींना पुरणपोळी, आम्हाला १-२ नं हार. पितृपक्षात बार्सिलोना येऊन ४-२ नं जेवून गेली. लीग कपच्या मॅचला तर वेंबलीही रिकामं नव्हतं, तेव्हा भाडेकरूनं आणखी पोटभाडेकरू व्हावं तसे आम्ही लंडनबाहेर मिल्टन कीन्सला गेलो. दसरा गेला, तारीख नाही. ऑक्टोबरच्या शेवटी मँचेस्टर सिटी आली, आणि आदल्याच दिवशी तिथं अमेरिकन फुटबॉलची मॅच झालेली. हिरवळीचा पार चिखल, आणि मधोमध त्यांचं बोधचिन्ह आणि आडव्या रेघा तशाच. आमची माणसं त्या रेघांवरून धावत होती आणि १-० नं हरली. दिवाळी गेली. संक्रांत आली, पुन्हा वेंबली. सुरुवातीला नवलाईनं येणारे लोकही कंटाळले. आर्सेनलविरुद्ध २०१८ च्या फेब्रुवारीत त्र्याऐंशी हजारांवर माणूस होतं, प्रीमियर लीगच्या इतिहासातला तो विक्रम. पुढच्या जानेवारीत बुधवारच्या थंडीत वॉटफर्डला तीस हजारही नव्हते. माझी फरसबंद जागाही मोकळी पडू लागली. पोह्यांचा खर्च वाचला, पण घर खायला उठलं.

यात एक गंमत कुणी फारशी बोलत नाही. हे वेंबली स्टेडियम स्वतःच उशिरा झालेलं. २००६ ची एफए कप फायनल तिथं व्हायची होती, ती कार्डिफला न्यावी लागली, आणि वेंबली उघडलं २००७ च्या मार्चमध्ये. म्हणजे एक रखडलेलं घर पुरं होईपर्यंत आम्ही दुसऱ्या रखडलेल्या घरात बिऱ्हाड मांडून होतो. साडूंचं एमिरेट्स स्टेडियम मात्र त्याच २००६ मध्ये थाटात सुरू झालेलं. हे ते दर भेटीत सांगायचे. सांगायचे म्हणजे काय, चहाचा कप खाली ठेवायचे, ओठ पुसायचे आणि म्हणायचे, “आमचं बुवा वेळेवर झालं.”

घर बांधणाऱ्याकडे हात आखडतोच. २०१८ च्या उन्हाळ्यात आमच्या क्लबनं एकही खेळाडू विकत घेतला नाही. प्रीमियर लीगमध्ये उन्हाळी खरेदीचा हंगाम २००३ ला सुरू झाल्यापासून असं कुणी केलं नव्हतं. जानेवारीतही नाही. बाकीचे क्लब नवे सेंटर-फॉरवर्ड घेऊन मिरवत होते आणि आम्ही एकमेकांना व्हिडिओ पाठवत होतो, कशाचे, तर खालून भरणाऱ्या बिअरच्या ग्लासांचे. ग्लासाच्या बुडाला लोहचुंबकाची चकती, नळावर दाबलं की बिअर खालून वर चढते. पासष्ट मीटर लांबीचा बार आहे हे मी आईला कौतुकानं सांगितलं. “एवढ्या लांब ओट्याला पुसायला बाई किती घेत आसंल?” असं तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

बांधकामावर क्लबनं कॅमेरे लावले होते आणि ते चित्र कुणालाही घरबसल्या बघता यायचं. हे व्यसन लागलं तसं दुसरं मला कधी लागलं नाही. क्रेन उजवीकडे वळली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा, डावीकडे वळली की वाद. हिरवळीचे तीन तुकडे आहेत, एकेक तीन हजार टनांच्या वर; ते दक्षिणेकडच्या स्टँडखाली सरकतात आणि खालून अमेरिकन फुटबॉलचं मैदान उघडतं, हे मला तोंडपाठ होतं. त्या एकाच स्टँडमध्ये साडेसतरा हजार खुर्च्या आहेत, तेही. कोंबडा हे आमच्या क्लबचं चिन्ह; छपरावर बसवायच्या सोनेरी कोंबड्यावर तर माझा विशेष जीव. जुन्या कोंबड्याला आमचा जुना खेळाडू पॉल गॅसकॉइन यानं एके काळी एअरगननं नेम धरून पोचा पाडला होता. नवा कोंबडा करताना तो पोचासुद्धा हुबेहूब घडवला! सुरक्षायंत्रणा चालत नव्हती, पण पोचा अगदी तंतोतंत. एका रात्री मी अंधारातलं ते चित्र बघत बसलो असताना बायको मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर एक पिवळं जाकीट घातलेला माणूस शिडीवर चढत होता. “अहो, तो बघा कामाला लागलाय,” ती म्हणाली, “आणि आपल्या न्हाणीघराचा नळ गळतोय.”

अखेर मार्च २०१९ मध्ये, होळीच्या तोंडावर, बातमी आली. आधी दोन चाचण्या, मग ३ एप्रिलला क्रिस्टल पॅलेसशी पहिली खरी मॅच. पहिली चाचणी २४ मार्चला, अठरा वर्षांखालच्या पोरांची मॅच. मी गेलो. जवळपास एकोणतीस हजार माणसं, आणि खेळाकडे बघणारी त्यातली निम्मी. बाकीचे भिंतींना हात लावून बघत होते. एक आजोबा नळ सोडायचे, बंद करायचे, पुन्हा सोडायचे आणि प्रत्येक वेळी पाणी आलं की शेजाऱ्याकडे बघून मान हलवायचे. लोक शौचालयांचे फोटो काढत होते. एक जण नुसताच आपल्या खुर्चीवर बसत होता आणि उठत होता. खुर्ची आपोआप मिटते का, ते बघत होता. मिटत होती. जेनील बेनेट नावाच्या पोरानं साउदॅम्प्टनवर नव्या घरातला पहिला गोल केला तेव्हा मी बारच्या टोकापासून टोकापर्यंत पावलं मोजत होतो. आवाज ऐकून धावलो.

३ एप्रिलची तारीख कळताच आई गप्प झाली. मग म्हणाली, “फाल्गुन वद्य चाललाय, अमावास्या तोंडावर. आणि सहा तारखेला पाडवा हाय. साडेतीन मुहूर्तातला! एवढी कळ काढली तर आणखी तीन दिवस थांबायला काय झालं हुतं त्यास्नी?” हा प्रश्न मी क्लबला कळवला नाही. कळवला असता तर पुन्हा तारीख बदलली असती अशी मला खात्री होती.

त्या रात्री गार पाऊस होता, आतषबाजी झाली, मध्यंतरापर्यंत गोल नाही. पंचावन्नाव्या मिनिटाला आमच्या सोन या खेळाडूनं मारलेला चेंडू समोरच्याला चाटून आत गेला आणि एकोणसाठ हजार माणसांचा जो आवाज झाला तो त्या एकाच स्टँडनं उचलून परत मैदानावर आपटला. शेजारच्या अनोळखी माणसानं मला उचललं. एरिक्सननं दुसरा घातला. २-०. आणि मग आम्ही सगळेच्या सगळे एकदम घरी निघालो. व्हाइट हार्ट लेन स्टेशनची रांग बघून चालत सेव्हन सिस्टर्सला गेलो, तिथली रांग बघून रडू आलं, किंग्ज क्रॉसला गाडी बदलून वेंबलीला उतरलो तेव्हा गल्लीतली कुत्री झोपली होती. बायकोनं दार उघडलं. “झालं ना मनासारखं? आता रोज असंच का?”

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. वास्तुशांत कुणी केली, पाऊस आला हे बरं की वाईट, सगळी चौकशी झाल्यावर तिनं विचारलं, “घराचं नाव काय ठेवलं?” मी सांगितलं की नाव एखाद्या कंपनीला विकायचा विचार आहे, गिऱ्हाईक मिळेपर्यंत नुसतं टॉटनहॅम हॉटस्पर स्टेडियम. “नाव कुणी विकतं का? आपल्या गल्लीत बघ किती चांगली नावं हायत. ‘श्रमसाफल्य’ ठेवा म्हणावं.”

रविवारी साडू आले. त्यांना ही सूचना सांगितली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, ओठ पुसले. “नाव सुंदरच आहे. पण तुमचा शेवटचा चषक २००८ चा. तेव्हा साफल्याचं पुढे बघू. तूर्त पाटीवर नुसतं ‘श्रम’ लिहून घ्या.”