‘कामगार उरलाय कुठे?’ म्हणणाऱ्यांना

एक मजकूर सध्या खूप फिरतोय. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी कामगारवर्गाच्या अभ्यासासाठी केंद्रं काढली ती पैशाची नासाडी, असं त्यात म्हटलंय. तीन कारणं दिली आहेत.

‘कामगारवर्ग संपला, आता सगळे मध्यमवर्गीय.’ कशावरून? कपड्यांवरून? न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात अर्थतज्ज्ञ मायकेल झ्वाइग यांनी असं केंद्र उभं केलं. पगार, राहणीमान बाजूला ठेवून त्यांनी एवढंच पाहिलं, की कामावर तुमचं किती चालतं? २००० साली मांडलेल्या त्यांच्या हिशेबात अमेरिकेत काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक कामगारवर्गात येतात. कॉल सेंटरमधली मुलगी बघा. कपडे इस्त्रीचे, खुर्ची फिरती. पण हेडफोन काढून पाणी प्यायला उठली की स्क्रीनवर मिनिटं मोजली जातात, आणि जरा उशीर झाला की सुपरवायझर टेबलाशी येऊन उभा. तिचं कामावर काय चालतं?

‘हा अभ्यास नाही, युनियनचा प्रचार आहे.’ या अभ्यासकांना कामगारांबद्दल आपुलकी आहे, आणि ते ती लपवत नाहीत. व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम मालकाच्या खुर्चीतून प्रश्न मांडतात, त्याला आपण शिक्षणच म्हणतो ना?

‘बंद कारखान्यांसाठी गळे काढून काय मिळतं?’ हे वाचून मला खरोखर राग आला. ओहायोतलं यंग्सटाउन हे पोलादाचं शहर. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार. त्या दिवशी कॅम्पबेल कारखाना बंद होणार असं जाहीर झालं आणि सुमारे ५,००० जणांची नोकरी गेली. तिथे त्याला आजही काळा सोमवार म्हणतात. अशा वेळी ‘कामगारच माजले होते’ असं सहज बोललं जातं, आणि हळूहळू कामगारांच्या मुलांनाही ते पटायला लागतं. पण कारखाना १९६९ साली लाइक्स या कंपनीच्या ताब्यात गेला होता आणि यंत्रं जुनाट होत चालली होती. चर्चची मंडळी आणि कामगारांनी मिळून तो विकत घ्यायची धडपड केली. १९७९ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्यासाठीच्या कर्जाला हमी नाकारली. हे सगळं कुणीतरी नोंदवून ठेवावं लागतं.

शहरातली जेनेट नावाची, लोखंड गाळणारी झोतभट्टी १९९७ साली पाडली. त्याच दशकात शेरी लिंकन आणि जॉन रुसो यांनी तिथल्या विद्यापीठात केंद्र सुरू केलं होतं, अमेरिकेतलं अशा प्रकारचं पहिलं. आपल्या शहराचं काय झालं, हे लोक कसं आठवतात आणि कुणाच्या तोंडून ऐकतात, याचा त्यांनी अभ्यास केला. २०१२ साली तेही बंद झालं, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.